ईश्वरचा सर्बिया

मी आउट नव्हतो. आजही म्हणतो, नव्हतो. पण रविवारच्या मॅचला परीक्षित अंपायर होता, त्याने बोट वर केलं, आणि शहाण्णवच्या उन्हाळ्यात कॅलिफोर्नियातल्या क्युपर्टिनोत आम्हा दोघा मित्रांचं बोलणं बंद झालं.

मधे सापडला नागपूरचा ईश्वर. आम्ही तिघं एकाच ऑफिसात, एकाच गाडीने जायचो. ईश्वर कोडिंगमध्ये वाघ, पण ड्रायव्हिंग टेस्टमध्ये दरवेळी नापास. बसने वेळेत पोचणं अशक्य. लिफ्ट गेली की नोकरी गेली, आणि नोकरीबरोबर व्हिसाही. बिचाऱ्याचं तोंड एवढंसं झालं.

पण हायवेवरच्या मोकळ्या, वेगवान कारपूल लेनमध्ये घुसायला गाडीत किमान दोन माणसं लागतात. म्हणजे तो मलाही हवा आणि परीक्षितलाही. ईश्वरने वार वाटून दिले. वाटेत तो गोष्ट सांगायचा. लायब्ररीतून इतिहासाची जाडजूड पुस्तकं आणणं हे त्याचं एकमेव व्यसन. तेव्हा चौदाव्या शतकातला सर्बिया चालू होता. शेजारच्या बलाढ्य बायझंटाईन साम्राज्यात गादीवरून यादवी पेटलेली. सर्बियाचा राजा आज एकाला आसरा देतोय, उद्या दुसऱ्याच्या बाजूने लढतोय आणि मधल्या मधे एकेक गाव खिशात घालतोय.

"लबाडच आहे की!" मी म्हणालो.

"लबाड काय यार, शेजारी भांडण्यात बिझी होते," ईश्वर म्हणाला.

तो स्वतः काय कमी होता? शनिवारी मी त्याला ग्रोसरीला नेतो हे कळताच परीक्षित त्याला लाँड्रीला नेऊ लागला. मग एक जेवण आमच्याकडे, एक त्यांच्याकडे.

गोची एकच. मला गोष्ट एक दिवसाआड मिळायची. सोमवारी राजाने सेरेस शहराला वेढा घातला, आणि मंगळवार परीक्षितचा! बुधवारी ईश्वर थेट पुढे निघाला. "कालचं रिपीट करत नाही मी." शेवटी मीच परीक्षितला फोन लावला.

"सेरेस पडलं का रे?"

"पडलं. पण राजा तिथवर आलाच कसा?" परीक्षितने विचारलं. तासभर बोललो. मॅचचा विषय कुणीच काढला नाही.

सकाळी आम्ही एकाच गाडीने ईश्वरच्या दारात. आम्हाला एकत्र बघून त्याचा चेहरा उतरला. लेनला आता आम्ही दोघं पुरत होतो.

"मग मी बसचं बघू का?" त्याने विचारलं.

"वेडा आहेस का?" परीक्षित ओरडला. "साम्राज्यातलं भांडण मिटल्यावर राजाने गावं परत दिली का, ते सांग."

"एकही नाही," ईश्वर म्हणाला. मग हसला, परीक्षितला मागे पाठवलं आणि स्वतः पुढच्या सीटवर ऐसपैस बसला.