एकतिसाव्या पानावरची चांदणी

गेल्या जानेवारीत दोन गोष्टी एकदमच झाल्या. आमच्या ऑफिसातल्या बायकांनी वर्षभरात पन्नास कादंबऱ्या वाचायचं ठरवलं, आणि डोंबिवलीची बिल्डिंग पाडायला घेतली म्हणून आई ठाण्याला माझ्याकडे राहायला आली.

पहिल्या गोष्टीचा मला भारी उत्साह. मी अकाउंट्समधली बाई, नोंद ठेवायची म्हटलं की माझ्या अंगात येतं. फोनमध्ये शीट केली. कादंबरीचं नाव, पानं किती, सुरू कधी केली, संपली कधी, पाचपैकी किती गुण. संपली की ती ओळ हिरवी करायची. दर रविवारी ग्रुपवर सगळ्याजणी आपापला आकडा टाकायच्या आणि मी कुणाच्याही मागे राहायला तयार नव्हते. जेवणाच्या सुट्टीत वाचायचे, ऑफिसच्या बसमध्ये वाचायचे, सकाळी सोसायटीत चालताना कानात इअरफोन घालून ऐकायचे, तेही वेग वाढवून. वर छापील पुस्तकंही ढिगाने मागवलेली. हॉलमधल्या शोकेसमधली काचेची भांडी माळ्यावर टाकली आणि तिथे कादंबऱ्या ओळीने लावल्या. नवरा म्हणायचा, "वाचतेयस की फडशा पाडतेयस?" मी म्हणायचे, तू तुझी मॅच बघ.

दुसऱ्या गोष्टीने मात्र डोक्याला ताप झाला. ठाण्याला आल्यापासून आईने वाचणंच बंद केलं.

ज्यांनी आईला डोंबिवलीत पाहिलंय त्यांना हे खरं वाटणार नाही. फडके रोडच्या मागच्या गल्लीत एक लायब्ररी आहे, तिथली ती माझ्या जन्माआधीपासूनची सभासद. आमच्याकडे एक वेळ भाजी आणायची राहिली तरी चालायचं, पण पुस्तक बदलायचा दिवस चुकायचा नाही. कादंबरी रंगात आली की गॅसवरचं दूध उतू जायचं, बाबा बाहेरून ओरडायचे, आणि हिला पत्ता नसायचा. तीच बाई आता माझ्या बाराव्या मजल्यावर सोफ्याच्या कडेला बसून घोडबंदर रोडवरचं मेट्रोचं काम बघत बसायची. सकाळपासून संध्याकाळपर्यंत. जेवण कमी झालं, बोलणं कमी झालं. टीव्ही लावू का विचारलं तर, "राहू दे गं." डॉक्टर म्हणाले, तब्येत चांगली आहे, मोतीबिंदूचं ऑपरेशनही छान झालंय, आजींना फक्त कशात तरी गुंतवा. अहो गुंतवा काय गुंतवा! समोर शोकेसभर कादंबऱ्या होत्या. मी एकेक काढून तिच्या हातात द्यायचे. ती घ्यायची, मध्येच कुठलंतरी पान उघडायची, बघायची, आणि मिटून टीपॉयवर ठेवायची.

"अगं वाच की."

"बघते."

"बघतेस काय, वाच ना! नवीकोरी आहे, लोक वेडे झालेत तिच्यामागे."

"तू माझ्यावर ओरडू नकोस."

मला भीती वाटायची ती हीच, की ही अशी बसून बसून संपून जाईल. बाबा गेले तेव्हासुद्धा हिने महिन्याभरात पुस्तक हातात घेतलेलं. बिल्डरने तीन वर्षं सांगितलेली, म्हणजे पाच धरा. पाच वर्षं ही माझ्या हॉलमध्ये मेट्रो बघणार? रात्री नवऱ्याला मी हेच सांगत बसायचे आणि तो झोपून जायचा.

होळीच्या सुमाराला तीच एकदा म्हणाली, "आपल्या लायब्ररीतलं आणशील का मला? एकतिसाव्या पानावर चांदणी बघून आण. माझी रेघ असेल तर नको."

हे मला लहानपणापासून माहीत होतं, पण बाहेरच्या माणसाला सांगायला हवं. ती लायब्ररी प्रत्येक पुस्तकावर दोन शिक्के मारते. एक पहिल्या पानावर, दुसरा एकतिसाव्या. पहिलं पान कुणी फाडलं तरी पुस्तक कुणाचं ते कळावं म्हणून. दुपारी पुस्तक बदलायला येणाऱ्या बायकांनी त्या दुसऱ्या शिक्क्याचा आपल्या सोयीने उपयोग केला. कादंबरी वाचून झाली की शिक्क्याखाली पेन्सिलीने आपली खूण करायची. नावं एकसारखी असतात, मुखपृष्ठं बदलतात, पण एकतिसावं पान उघडलं की आपण वाचलीय की नाही ते कळतं. आईची खूण म्हणजे एक तिरकी रेघ. कुणाचं टिंब, कुणाचा गोल, कुणाचं तुळशीचं पान. कोण कुठली खूण करते ते कुणालाच माहीत नाही आणि विचारायचीही पद्धत नाही. मालकांना ठाऊक होतं, पण ते काणाडोळा करायचे.

त्यात एक होती चांदणीवाली. आई लग्न होऊन डोंबिवलीत आली तेव्हाच तिच्या लक्षात आलं, की जिच्यावर चांदणी असते ती कादंबरी आपल्याला हमखास आवडते. चांदणीवाली वाचत खूप असणार, पण आवडली तरच खूण करते, हे आईचं ठाम मत. तेव्हापासून आईने कादंबऱ्या निवडल्या त्या चांदणी बघून. आमच्या घरात चांदणीवालीबद्दल एखाद्या आत्याबद्दल बोलावं तसं बोलायचे. "हिला हल्ली प्रवासाचं आवडायला लागलंय." "बरेच दिवस चांदणी दिसली नाही, बाळंतपण वगैरे असेल." बाबा चिडवायचे, की आमच्यापेक्षा त्या चांदणीवालीशी हिचा संसार चांगला चाललाय.

तर मी निघाले. शनिवारी गाडी काढून माणकोलीच्या पुलावरून डोंबिवली. पूल झाला म्हणजे वेळ वाचतो असं कुणी म्हणालं तर त्याला माणकोली नाक्यावर माझ्या शेजारी आणून बसवा. मग ठाकुर्लीचा पूल, मग पूर्वेला पार्किंग शोधत फिरा. लायब्ररीत पोचेपर्यंत माझं डोकं आधीच फिरलेलं असायचं. तिथे कपाटापुढे उभं राहून एकेक कादंबरी काढायची आणि एकतिसावं पान उघडायचं. टिंब, गोल. टिंब, रेघ. चांदणी! आणि तिच्या शेजारी आईची रेघ. पुढची. चांदणी, रेघ. त्याच्या पुढची, तेच. हिने एकही सोडलेली नव्हती. नव्या पुस्तकांवर तर चांदणी नव्हतीच. नव्या पुस्तकांवर कसलीच खूण नव्हती, फार तर एखादं टिंब.

"चांदणीवाली कोण हो?" मी लायब्ररीवाल्या काकांना विचारलं. हे काका म्हणजे जुन्या मालकांचे चिरंजीव, आता तेच साठीचे झालेत.

"वडिलांना माहीत असेल नसेल, मला नाही. आता दुपारी येतं कोण? तुम्ही आलात हेच नवल."

पहिल्या शनिवारी मी चांदणी नसलेल्या दोन घेऊन आले. म्हटलं, लायब्ररीचा वास तरी येईल. आईने पान एकतीस बघितलं आणि परत दिल्या. दुसऱ्या शनिवारी मी भांडून आले, कुणाशी ते आठवत नाही, बहुतेक पार्किंगवाल्याशी. एकदा तर माझ्या हातात पेन्सिल होती आणि समोर कोरं एकतिसावं पान होतं. काढून टाकावी चांदणी, कोण बघतंय? पण आई ती चांदणी अक्षर ओळखावं तशी ओळखते. मी पेन्सिल काकांच्या डब्यात परत टाकली आणि पुढचं पुस्तक काढलं.

या शनिवारांपायी माझा स्वतःचा आकडा मागे पडायला लागला. ग्रुपवर एकीने पस्तीस टाकले आणि माझा जळफळाट झाला. मग मी पातळ पातळ कादंबऱ्या मागवायला लागले. शंभर पानांची कादंबरीसुद्धा कादंबरीच असते, शीटमध्ये ओळ सारखीच हिरवी होते. गाडीत ट्रॅफिकमध्येही ऐकायचे. मध्येच हॉर्न मारायचे, शिव्या घालायचे, तोवर गोष्टीत कुणीतरी मेलेलं असायचं. मागे जाऊन ऐकायला वेळ कुणाला होता?

गणपतीच्या आधी काकांनी लायब्ररीच्या माळ्यावरचे जुन्या पुस्तकांचे गठ्ठे खाली काढले. रंग द्यायचा होता. मी तिथेच फरशीवर फतकल मारली. नाकातोंडात धूळ. तिसऱ्या का चौथ्या गठ्ठ्यात एक जाड कादंबरी निघाली, पाठ गेलेली, दोऱ्याने बांधलेली. एकतिसावं पान. चांदणी होती आणि रेघ नव्हती. मी इतक्या जोरात ओरडले, की काका शिडीवरून वाकून म्हणाले, "काय झालं, झुरळ का?"

आईने ती दोन्ही हातांनी घेतली. चांदणीवरून बोट फिरवलं. चष्मा पुसला आणि सोफ्याच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसली, जिथून मेट्रो दिसत नाही. पुढचे काही दिवस आमच्या घरात त्या कादंबरीचं राज्य होतं. आई जेवायला हाक मारली तर येत नव्हती. तिने ठेवलेलं दूध उतू गेलं तेव्हा मी ओटा पुसता पुसता रडले. नवऱ्याला म्हटलं, बघ, जमलं की नाही?

आणि मग तिची कादंबरी वाचून झाली.

"भिकार आहे," आई म्हणाली.

"काय?"

"भिकार! अगं, शेवटी त्या पोरीला परत त्याच घरात पाठवलंन. इतकं सगळं झाल्यावर! आणि हिने चांदणी काढलीय यावर. हिला काय आवडलं यात? डोकं फिरलेलं हिचं?"

मी कपाळावर हात मारला. इतक्या महिन्यांची माझी तंगडतोड, आणि कादंबरी निघाली भिकार. दोन दिवस आई नुसती धुमसत होती. स्वयंपाकघरात येऊन मला म्हणायची, मुलगी जातेच कशी. देवपूजा अर्धी सोडून विचारायला यायची, समजा आईबापांनी घरात घेतलं नसतं, तर नोकरी होती ना हातात? मी फोनवर पुढची ऐकत पोळ्या लाटत होते. शेवटी ती दारात उभी राहून म्हणाली, "कुणाशी बोलू मी हे? ती चांदणीवाली कुठे भेटणार मला आता? आणि इथे एक वाचणारं माणूस नाही."

माझा पारा चढला. "इथे वाचणारं माणूस नाही? अगं, मी वाचतेय ना! पन्नास वाचतेय मी या वर्षात!"

आई माझ्याकडे बघत राहिली. खरंच चकित होऊन.

"तू वाचतेस?"

"मग हॉलमध्ये काय आहे?"

"शोभेची आहेत ना ती?" आई म्हणाली. "आले त्याच आठवड्यात सगळी काढून बघितली मी. एकाच्याही एकतिसाव्या पानावर काही नाही. तुला वाचताना कधी बघितलं नाही. म्हटलं, यांच्याकडे कुणी वाचत नाही, मांडून ठेवलीयत. कशाला हात लावा? तू देत होतीस तेव्हासुद्धा वाटायचं, हिने स्वतः उघडलेली नाही आणि मला देतेय, वेळ जावा म्हणून."

मी लाटणं टाकून फोन आणला. चष्म्यासमोर धरला. हे बघ. ही बघ हिरवी. ही पण. ही जूनमध्ये संपवली. आईने बोटाने वर खाली करून नीट बघितलं.

"चार म्हणजे?"

"पाचपैकी चार. म्हणजे चांगली होती."

"बरं." ती आत गेली, पर्समधून पेन्सिलीचं थोटूक घेऊन आली आणि माझ्या पिठाच्या हातात ठेवलं. "मग खूण कर. मनापासून आवडली असेल त्याच्यावरच कर. ती मी घेते. म्हणजे मग बोलता तरी येईल."

एवढंच पाहिजे होतं हिला, आणि मी सहा महिने माणकोली नाक्यावर पेट्रोल जाळत होते. वैताग नुसता! पण खूशही झाले मी. हात धुतले, शोकेसपुढे खाली बसले, आई मागे सोफ्यावर. पहिली कादंबरी काढली, चार गुणवाली. एकतिसावं पान उघडलं. कुणीएक बाई कुणाच्या तरी दारात उभी होती आणि आत जावं की नाही ते तिला ठरवता येत नव्हतं. ही बाई कोण ते मला आठवेना. दार कुणाचं तेही आठवेना.

दुसरी काढली. या कादंबरीला तर पाचपैकी पाच होते. शेवटी काय होतं यात? कुणी परत जातं का कुठे? मी फोनमध्ये बघितलं. पानं एकशे चौऱ्याऐंशी, सुरू शुक्रवारी, संपली रविवारी, ओळ हिरवीगार.

"कशी होती ती?" आईने विचारलं.

मी तिसरी काढली, चौथी काढली. पेन्सिल हातात तशीच. मला इतका राग आला, की शोकेस तिथल्या तिथे रिकामं करावंसं वाटलं. आणि राग कुणावर काढायचा, तर समोर कुणी नव्हतं. आई वाट बघत होती.

मी पुन्हा पहिली उचलली.

"थांब जरा," मी म्हणाले. "ही मी परत वाचते. मग सांगते तुला."

"वाच," आई म्हणाली. "पण लवकर वाच. मला एकोणऐंशी पूर्ण झाली."