रानगुलाबावरच्या चिंध्या

आमच्या गावामागे पिवळे रानट्यूलिप उमलणारा एकच उतार उरलाय. बाकीचे नांगरून लोकांनी राजमा पेरला. हा वाचला तो बुरुलचा-एजेमुळे. वयाने मोठ्या कुठल्याही बाईला आमच्याकडे एजे, म्हणजे ताई, म्हणतात.

तरुणपणी एजे हीच फुलं जुड्या बांधून रस्त्याकडेला विकायची. कंद तर मातीतच राहतो, मग बिघडलं कुठे, असं सगळेच म्हणायचे. पण दांड्याबरोबर पानंही ओरबाडली जातात आणि कंद उपाशी मरतो, हे उतार ओस पडू लागले तेव्हा तिला उमगलं. ती दारोदार सांगत सुटली.

"स्वतः विकून झाली, आता फुलांचा पुळका आलाय," लोक हसले.

मग एका वसंतात उताराच्या पायथ्याला, रानगुलाबाच्या झुडपावर चिंध्या फडफडताना दिसल्या. नवसाच्या चिंध्या आहेत म्हणजे मजार, कुणा अवलियाची कबर असणार. अशा जागी कुणी पानसुद्धा तोडत नाही. मेंढपाळांनीही कळप दुसरीकडून वळवले.

मॉस्कोला कामाला गेलेल्या माझ्या लेकीचा, नुरझातचा फोन येईना, तेव्हा मीही निळ्या ओढणीची पट्टी फाडून तिथे गेले. एजे जवळच सरपण वेचत होती.

"कुणासाठी गं?"

"नुरझातसाठी. एजे, इथे कोण अवलिया निजलाय?"

तिने सरपण खाली ठेवलं. "कुणी नाही. माझ्या नवऱ्याचा जुना सदरा आहे तो. मीच फाडला."

"एजे!"

"ओरडू नकोस. दुसरं कुणी असतं तर ठोकून दिलं असतं काहीतरी. पोरीसाठी आलेल्या आईला कशी फसवू? जा, आता पीट गावभर दवंडी."

"मग ही पट्टी सोडू?"

"राहू दे. लेकीचं मला माहीत नाही, फुलांच्या कामी येईल."

परवा शहरातली गाडी आली. दोघे कंद खणायला फावडं घेऊन उतरले. मी गाय शोधत तिकडेच होते.

"एजे, मजार खरी आहे की उगाच बांधल्यात चिंध्या?" एकाने मला विचारलं.

"ती निळी माझी आहे," मी म्हणाले. "लेकीसाठी बांधलीय. तिचा फोन येत नाही."

त्याने मान खाली घातली. फावडं गाडीत गेलं.

एजेला सांगितलं तर म्हणाली, "खोटं बोललीस?"

"एक शब्दही नाही."

"मग बस, चहा घे."

फोन अजून आलेला नाही. पट्टीची गाठ सैल झाली नाही ना, हे मात्र मी रोज जाऊन बघते.