दहा फुटांचं रेडिओ स्टेशन

माझ्या लग्नात मी एक रेडिओ स्टेशन काढलं होतं. ते दीड तास चाललं, दहा फुटांपर्यंत ऐकू गेलं आणि त्याने माझं लग्न मोडत आणलं.

मुळात दोष माझ्या पारूआत्याच्या गळ्याचा. आत्या आमच्या राहनाळ गावची धवलारीण, म्हणजे लग्नातली गाणी, धवले, गाणारी. आमच्याकडे लग्नाला भटजी असतात, पण धवलारणीने धवले गायल्याशिवाय हळद लागली, नवरा निघाला, मांडवात पोचला, यातलं काहीच कोणी धरत नाही. आत्या नुसती गात नाही. नवऱ्याचं नाव, त्याच्या आईचं नाव, घरातली ताजी बातमी, सगळं ती गाता गाता गाण्यात ओवते. त्यामुळे वऱ्हाड निघालं की आत्या कोणत्या गाडीत बसणार यावरून ठरलेलं भांडण! चुलतभावाच्या लग्नात माझ्या दोन काकवा याच कारणावरून जेवणं उठेपर्यंत एकमेकींशी बोलल्या नव्हत्या.

माझ्या लग्नाला गाड्या चार आणि आत्या एक. हा तिढा सोडवायचं मी मनावर घेतलं. (मी एखादी गोष्ट मनावर घेतली की आई देवापुढे दिवा लावते.)

माझ्याकडे तेव्हा गाणी ऐकायची अंगठ्याएवढी डबी होती, एमपीथ्री प्लेयर. तिच्यात आवाजही रेकॉर्ड व्हायचा. भिवंडीच्या बाजारात एका दुकानदाराने मला काडेपेटीएवढा एफएम ट्रान्समीटर दाखवला. त्याची पिन डबीत खुपसायची, की डबीतलं गाणं आसपासच्या रेडिओवर वाजायला लागतं, अठ्ठ्याऐंशी पॉइंट एकवर.

"रेंज कितना है?" मी विचारलं.

"लगाके तो देखो भाई, पूरा मोहल्ला सुनेगा."

मोहल्ला केवढा, हे मी विचारलं नाही.

लग्नाच्या आदल्या दुपारी मी डबी आत्यापुढे धरली. तिने ती चष्म्यातून पाहिली, मग चष्म्यावरून पाहिली.

"म्हंजे उद्या मी तोंड मिटून बसू नि ही डबी गानार?"

"आत्या, चारही गाड्यांत तूच गाणार!"

"चार गाड्यांत गानार नि नवऱ्याच्या गाडीत मुकी बसनार. शिकलेला हायस रं बाबा."

तिला वाईट वाटलं होतं, ते दिसत होतं. पण मी बटण दाबण्याच्या गडबडीत होतो. डबी तिच्यासमोर सुपातल्या तांदळांवर ठेवली, तेवढ्यात मांडववाल्याने हाक मारली म्हणून बाहेर गेलो. आलो तेव्हा आत्या आणि आई तांदूळ निवडत गप्पा मारत होत्या. मी डबी बंद केली, सुरुवातीची दोन मिनिटं ऐकली, आवाज फक्कड आला होता. पुढचं ऐकायला सवड कोणाला होती?

इथे एक गोष्ट सांगून टाकतो. वनिताला, म्हणजे माझ्या होणाऱ्या बायकोला, पाहायला गेलो तेव्हा तिच्या मामांनी विचारलं होतं, "काम काय करता?" मी म्हणालो, "गोडाऊनला सुपरवायझर हाय." खरं म्हणजे मी सुपरवायझरच्या हाताखाली होतो. खोकी मोजायचो. पण समोर वनिता पोह्यांची बशी घेऊन उभी होती आणि 'खोकी मोजतो' हे वाक्य काही केल्या तोंडातून बाहेर पडेना. मला ती मनापासून आवडली होती. खरं सांगायचं तर ती हातची जाईल या भीतीने मी एका घोटात बढती घेतली.

तर लग्नाच्या दिवशी दुपारी वऱ्हाड निघालं. पुढे माझी गाडी, चालवायला चुलतभाऊ दिन्या, मागे आई आणि आत्या. डॅशबोर्डवर माझं स्टेशन. मागच्या तीन गाड्यांना अठ्ठ्याऐंशी पॉइंट एक लावून दिलं होतं.

राहनाळची वेस ओलांडायच्या आत पहिला फोन आला. "अरे, आत्या खरखरते."

दुसरा फोन शेवटच्या गाडीतून, मोठ्या काकूचा. "आमच्या गाडीत आत्या न्हाय, कोन तरी हिंदीत बातम्या सांगतोय."

मग कळलं, की दुकानदाराचा मोहल्ला दहा फुटांचा होता. पण हार मानेन तर मी कसला! मी हुकूम सोडला, "गाड्या एकदम चिकटून चालवा." भिवंडीतून आम्ही असे निघालो, की चहाच्या टपरीवरच्या एका यंत्रमागवाल्याने दिन्याला विचारलं, "चारों एकसाथ ब्रेकडाउन है क्या?" तरी दुसऱ्या गाडीत खरखरीतून नुसता सूर, शब्द एक कळेना, आणि मागच्या दोन गाड्यांत बातम्याच. त्यातल्या बायकांना देशाची परिस्थिती पाठ झाली.

त्यात आत्या म्हणाली, "आपल्या गाडीतला रेडू बंद कर. माझाच आवाज मला ऐकू येतोय, कसंतरीच होतं." मी आमचा रेडिओ बंद केला. डबी मात्र चालूच ठेवली.

अंबाडी नाक्यावर वनिताचे मामा आम्हाला घ्यायला जीप घेऊन उभे होते. नारळ झाला, गळाभेटी झाल्या, चहा झाला, म्हणून मी गाणं पुन्हा पहिल्यापासून लावलं. आणि दिन्याने, कोणी सांगितलेलं नसताना, अभिमानाने सांगितलं, "मामा, जीपमधी अठ्ठ्याऐंशी पॉइंट एक लावा, गंमत बघा."

मामांची जीप पुढे आणि आम्ही तिला चिकटून मागे. थोड्या वेळाने खिडकीतून मामांचा हात बाहेर आला, अंगठा वर करून. मला धन्य वाटलं. त्यांच्या जीपमध्ये धवले वाजत होते, आमच्या गाडीत शांतता होती.

आणखी काही वेळाने जीपमधल्या सगळ्यांनी मागे वळून माझ्याकडे पाहिलं. मी बाशिंग सावरून हात जोडले. ते पाहतच राहिले. मी परत जोडले. मामांनी मान हलवली, पण ती हो म्हणायची मान नव्हती. तेवढ्यात कापडाचे तागे भरलेला एक टेम्पो आडव्या रस्त्याने मध्ये घुसला. तो बाजूला होतो न होतो तोच मामांनी जीप रस्त्याच्या कडेला घ्यायला लावली आणि उतरून थेट माझ्या खिडकीशी आले.

"जावई, तुम्ही सुपरवायझर हाव का न्हाय?"

"का हो मामा?"

"तुमचाच रेडू सांगतोय! 'कसला सुपरवायझर, खोकी मोजतो, पोरीकडच्यांना थाप मारलीन,' इथवर ऐकला. मग टेम्पो आला, पुढचा ऐकूच न्हाय आला."

सुपातले तांदूळ माझ्या डोळ्यांपुढे आले. धवले संपल्यावर डबी चालूच राहिली होती आणि आत्याने आईपाशी माझं सगळं प्रगतिपुस्तक वाचलं होतं.

"पुढे चांगलं असेल मामा," मी म्हणालो. "थांबा, ऐकवतो." आणि मागे जायचं बटण शोधू लागलो. डबीच्या इवल्याशा पडद्यावर काहीतरी प्रश्न आला. मी 'हो' दाबलं. रेकॉर्डिंग पुसलं गेलं. चांगलं, वाईट, धवल्यांसकट सगळं.

मागच्या गाड्यांतली माणसं उतरून गोळा झाली. मामा कमरेवर हात ठेवून उभे. तिकडे मांडवात वनिता हळदीच्या अंगाने वाट पाहत होती आणि इकडे मी मोकळी डबी हातात घेऊन उभा. आत्ता नाही तर कधीच नाही, असं वाटून मी म्हणालो, "खरं हाय मामा. खोकी मोजतो. थाप मारली. वनिता न्हाय म्हनंल अशी भीती वाटली."

मामांनी एकदा डबीकडे, एकदा माझ्या बाशिंगाकडे पाहिलं. मग आत्या गाडीतून उतरली.

"डबी मुकी झाली ना? सरका आता."

तिने पदर खोचला आणि भर रस्त्यात धवला धरला. नवरा खोकी मोजतो, म्हणून गायली. थाप मारतो, तीही मारता येत न्हाय, म्हणून गायली. आणि आत्याचा पाय मोडला तेव्हा सहा महिने कामावर जायच्या आधी डबा घेऊन कोण आला, तर हाच, म्हणूनही गायली. काकवांनी मागून सूर धरला, दोघींनी मिळून. माझे डोळे भरून आले आणि बाशिंगामुळे पुसताही येईनात.

मामांनी स्वतःच्या उपरण्याने माझं तोंड पुसलं. "खोकी तरी नीट मोजता ना?"

"एकही चुकत न्हाय मामा."

"मग चला. वनिताला मी सांगतो. पन आत्याबाय माझ्या जीपमधी बसनार."

त्यावर चारही गाड्यांतल्या माणसांचं एकदम भांडण सुरू झालं आणि ते ऐकून मला फार बरं वाटलं.

लग्न लागलं. त्याआधीच मामांनी वनिताला मांडवात सगळं सांगितलं होतं. ती म्हणाली, "मला पोहे देतानाच कळलेला. सुपरवायझर कधी बशी दोन हातांनी धरतो का?"

आता मी गोडाऊनला खरोखरचा सुपरवायझर आहे. घरी मात्र अजून हाताखालीच आहे.