बिनखुणेचे डबे

निलंग्याची, अहमदपूरची एसटी लातूरच्या स्टँडवर लागली, की बसवंतमामा डबे उतरवून घेतात आणि ज्याचा त्याला देतात. शिकायला आलेल्या लेकरांसाठी गावाकडच्या आयांनी पाठवलेले चाळीस डबे. त्यावर नाव नसतं, आईनं बांधलेलं फडकं हीच खूण. हिरव्या लुगड्याचा तुकडा म्हणजे वीरेश, परकराचं फुलाफुलाचं कापड म्हणजे पुनम. अकरा वर्षांत एक डबा चुकला नाही, हे मामा न विचारता सांगतात, चहा पाजणाऱ्याला दोनदा.

बिलोलीची अक्षरा डॉक्टरकीच्या परीक्षेची तयारी करायची. होस्टेलात गोंगाट, म्हणून स्टँडवरच्या बाकावर वाचत बसायची. तिला आई नव्हती, त्यामुळे डबाही नव्हता. मामांना ते रोज खुपायचं.

एकदा ती म्हणाली, "मामा, तुमी पेशीतले गॉल्जी हाव. एका बाजूनं प्रथिनं येतेत, तिथं त्यांना खूण लागती, अन् दुसऱ्या बाजूनं बारक्या पिशव्यांत भरून खुणेपरमानं जातेत."

"पेशीत बी स्टँड हाय म्हण की! अन् खूणच नसली तर?"

"मग पेशीच्या बाहेर."

"लई निष्काळजी कारभार हाय तुमच्या पेशीचा," मामा म्हणाले.

मग येळवस आली, रानात जाऊन जेवायचा अवसेचा सण. सणाचं म्हणून झाडून साऱ्या आयांनी डब्यांना नवी कोरी फडकी बांधली! वासावरून ओळखावं, तर प्रत्येक डब्यात तीच पालेभाज्या-डाळींची भज्जी, बाजरीचे उंडे अन् ताकातली आंबील. फोन लावावा, तर सगळं गाव रानात जेवायला गेलेलं. अकरा वर्षांची अब्रू पणाला लागली.

"मामा," अक्षरा हळूच म्हणाली, "बिनखुणेचं..."

"बाहेर!" मामा ओरडले. येळवशीला कुणीही कुणाच्याही रानात जेवतं; जेवणाऱ्याला कोण विचारतं, कुणाच्या रानातला म्हणून?

होस्टेलच्या अंगणात, लिंबाखाली चाळीसही डबे उघडले. पोरं तुटून पडली.

"तू काय बघायलीस? बस की," मामा अक्षराला म्हणाले. ती बसली. भज्जीचा घास घेतला अन् बराच वेळ मान वर केली नाही. शेजारी बसलेल्या पुनमनं दुसरा उंडा तिच्या हातावर ठेवला.

आता मामा सांगतात, "अकरा वर्षांत एकच दिवस चुकला, पण चाळीसच्या चाळीस चुकले!" आणि हे सांगताना त्यांची छाती जास्तच फुगते.

चार दिवसांनी गाडीतून एक्केचाळीस डबे उतरले. फुलाफुलाच्या कापडाचे दोन होते. मामांनी एक पुनमसाठी बाजूला ठेवला आणि दुसरा घेऊन ते बाकाकडे गेले.