एकाच श्रावणात दोन घरचे रोट

ती घटना आजही आठवते, आणि आठवली की माझं डोकं आजही तापतं. नोकरीत मी दरोडे पाहिले, खून पाहिले. दरोडेखोर निदान तोंड बांधून येतो. तो आपला वैरी आहे हे कळायला वेळ लागत नाही. मी सांगतोय तो इसम उघड्या तोंडाने यायचा, दारात चपला काढायचा, म्हातारीच्या पाया पडायचा आणि घर साफ करून जायचा. नावं कुणाचीच देत नाही. त्या लोकांची नातवंडं आज त्याच गावांत नांदत आहेत.

स्वातंत्र्य मिळून काही वर्षं झाली होती. खानदेशचे तेव्हा पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे होते, म्हणजे आजचे जळगाव आणि धुळे. मी मूळचा नगरकडचा, रावेरला फौजदार म्हणून बदलून आलेला. केळीचा तालुका. ठाण्यात तक्रारी यायच्या त्या बांधाच्या, पाण्याच्या पाळीच्या, नाहीतर बैल चोरीला गेल्याच्या. भाद्रपद लागला होता. एके दिवशी सकाळची हजेरी आटोपून मी डायरीवर सही करतोय, तर एक बाई तरातरा आत आली. पस्तिशीची असेल. धरणगावला दिलेली, माहेर आमच्या हद्दीतल्या एका गावात. ठाणे अंमलदाराने बाकावर बसायला सांगितलं, तर बसेना.

"साहेब, माझ्या मायबापाले एक जन लुटू रायला. तुमी त्याले धरा."

हळूहळू सगळं बाहेर आलं. गावात एक गृहस्थ येत असे. स्वच्छ धोतर, खादीचा सदरा, बोलणं लोण्यासारखं. सगळे त्याला भाऊसाहेब म्हणत. केळी वाळवून भुकटी करण्याचा कारखाना निघतोय, आज पैसा घालेल त्याला दरमहा घरबसल्या वाढावा मिळेल, असं तो सांगे. बाईच्या आईने अंगावरच्या पाटल्या आणि पुतळ्यांची माळ दिली होती. पहिले काही महिने वाढावा आलाही, तो स्वतः पेढ्यांसकट आणून द्यायचा. आता आबा, म्हणजे बाईचे वडील, विहिरीची बागाईत विकून सगळा पैसा कारखान्यात घालणार होते. गिऱ्हाईकही भाऊसाहेबांनीच आणलेलं. येत्या सोमवारी खरेदीखत व्हायचं होतं. ती बागाईत गेली असती तर दोघं म्हातारे उघड्यावर आले असते.

मी विचारलं, "पण आबांनी त्याच्यावर एवढा विश्वास कसा टाकला?"

बाईच्या डोळ्यांत पाणी आलं, पण आवाज आणखी चढला. "मायनं त्याले कानबाईचा रोट खाऊ घातला, साहेब! मी त्या घरात जन्मली. लगन झालं तं मले रोटाचा कुटका भेटत नही. अन् हा कोन कुठला, त्याले पाटावर बसवला!"

मला अर्थ कळला नाही. आमचे हवालदार खानदेशचेच, त्यांनी समजावलं. श्रावणात घरोघर कानबाई ही कुलदेवी बसते. घरातल्या माणसांमागे मूठमूठ गहू घेऊन त्याचे रोट, म्हणजे जाड पोळ्या, करतात. ते फक्त त्या कुळाच्या माणसांनी खायचे. शेजाऱ्याला नाही, पाहुण्याला नाही, लग्न होऊन गेलेल्या लेकीलासुद्धा नाही. उरलेला तुकडाही घराबाहेर जात नाही. "साहेब, ज्याने रोट खाल्ला तो भाऊबंद. आता आबा त्याच्यावर फिर्यादीचा कागद करणार नाहीत," हवालदार म्हणाले.

तसंच झालं. आम्ही दोघं सायकलींवर गावात गेलो. आबा ओट्यावर बसले होते. त्यांनी पाणी दिलं, गूळ दिला, आणि मी विषय काढताच तोंड फिरवलं.

"पोरगी लगन होऊन गेली. तिले कायले पंचाईत? तो आमच्या कुळीचा हाये. त्याचा आजा दुष्काळात वऱ्हाडात गेला होता. आमी आमच्या मानसावर फिर्याद करू?"

"आबा, त्याचा आजा तुम्ही पाहिला होता?"

"तुमी तुमचा पाहिला का?" आबा म्हणाले. हवालदार मिशीत हसले. मला हसू आलं नाही.

फसवणुकीच्या गुन्ह्यात फसलेला माणूसच म्हणाला की मी फसलो नाही, तर पोलिसाने करायचं काय? कायद्याचं पुस्तक उघडून बसलो तरी त्यात आबांचा हट्ट मोडायचं कलम नव्हतं. शेवटी त्या भाऊसाहेबालाच चौकशीसाठी बोलावलं.

तो आला तोही एकटा नाही. बरोबर गावातले दोन वजनदार लोक, ज्यांनी कारखान्याच्या पायाभरणीला नारळ फोडला होता. पायाभरणी म्हणजे माळावर एक दगड, बाकी काही नाही. त्या दोघांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "साहेब, सभ्य माणूस आहे, उगाच त्रास नको. ती लेकच भांडकुदळ आहे." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. सभ्य! म्हातारीच्या हातातल्या पाटल्या उतरवणारा सभ्य, आणि ठाण्यात येऊन रडणारी लेक भांडकुदळ! दोघांना मी सरळ बाहेरचा रस्ता दाखवला. अशा प्रतिष्ठितांचा मला चोरापेक्षा जास्त राग येतो. चोर निदान चोरी करून पोट भरतो. हे लोक फुकटच्या मानासाठी आपलं नाव त्याला वापरायला देतात.

चौकशीत भाऊसाहेब जराही डगमगला नाही. कारखान्याचं यंत्र कुठे? जहाजात आहे. पैसा कुठे? कामात आहे. प्रत्येक प्रश्नाला उत्तर तयार, वर हसणं. मी मुद्दाम त्याला डिवचलं. म्हटलं, "एका म्हाताऱ्याला भुलवलंस, म्हणून काय सगळा मुलूख तुला ओळखतो?"

तिथे त्याचा अहंकार दुखावला. "साहेब, दोंडाईच्याच्या नानांना विचारा. पलीकडच्या जिल्ह्यातले मोठे कास्तकार आहेत. माझ्यासाठी धावत येतील. बोलवाच त्यांना!"

माझ्या पंचवीस-तीस वर्षांच्या नोकरीचा अनुभव असा की लबाड माणूस गप्प राहिला तर त्याला धरणं अवघड. पण त्याला आपल्या हुशारीचं कौतुक ऐकायची हौस असते, आणि तीच त्याला खाते. मी त्याला ठाण्यातच बसवून ठेवलं आणि दोंडाईच्याला तार केली. खरेदीखताचा सोमवार तोंडावर आला होता. आबांनाही निरोप धाडला की तुमच्या भाऊबंदाच्या बाजूने जबाब द्यायचा असेल तर ठाण्यात या. ते लगेच आले. त्यांची लेकही मागोमाग आली.

नाना दुसऱ्या दिवशी गाडीने उतरले. सत्तरीचे, काठी टेकत, खांद्यावर भाकरीचं गाठोडं. एवढा प्रवास करून आलेले, पण बसायच्या आधीच आपल्या अहिराणीत बोलायला लागले, "फौजदारसाहेब, मी सांगाले उनू. हाऊ मना भाऊबंद शे. बठ्ठा गाव साक्ष दी. यानी आमनाघर कानबाईना रोट खादा!"

आबा सकाळीच पुन्हा येऊन बाकावर बसले होते. त्यांनी मान वर केली.

"कोनाचा भाऊबंद? तो तं आमचा हाये. रोट आमच्या घरी खाल्ला त्यानं."

"कवय?"

"याच श्रावनात. रविवारी."

"आमनाघर मंगळवारे," नाना म्हणाले. मग त्यांनी हळू आवाजात विचारलं, "तुमनी कुळी कोणती?"

आबांनी सांगितली. नानांनी आपली सांगितली. दोन्ही कुळींचा एकमेकींशी काडीचा संबंध नव्हता. भाऊसाहेबाच्या तोंडावरचं हसू तेव्हा पहिल्यांदा मावळलं. खानदेशात वाढलेला, पण शहरातला माणूस. रोटाने दार उघडतं एवढं त्याला माहीत होतं. ते एकाच घराचं उघडतं, हे त्याने कधी मनावर घेतलं नव्हतं. पूर्वेकडचा म्हातारा आणि पश्चिमेकडचा म्हातारा एका बाकावर येतील हेही त्याच्या हिशेबात नव्हतं. ते आले कारण त्यानेच बोलावलं.

नाना काठी आपटत त्याच्यासमोर गेले. "तुले बाप कितला शेत रे?"

किती बाप आहेत तुला, असा तो सवाल होता. नानांनी काठी उगारली तेव्हा हवालदारांनी ती धरली. खरं सांगतो, हवालदारांनी थोडा उशीर केला असता तरी मी रागावलो नसतो.

आबा मात्र ओरडले नाहीत. डोक्यावरचं पागोटं सारखं केलं आणि म्हणाले, "साहेब, घ्या लिहून." त्यांच्या लेकीने तोंडाला पदर लावला. फिर्याद नोंदली, चारशेवीसचा गुन्हा दाखल झाला, नानांचीही वेगळी फिर्याद घेतली. भाऊसाहेबाला तिथेच अटक केली. खरेदीखत थांबलं. बागाईत घ्यायला निघालेलं गिऱ्हाईक त्याचाच साथीदार निघाला.

कोठडीत गेल्यावर त्याची जीभ सैल झाली. दोन्ही जिल्ह्यांत अशी कितीतरी घरं त्याने नागवली होती, सगळी म्हाताऱ्यांची. घरं कशी शोधायचा, हे मी त्याला विचारलं.

"सोपं आहे, साहेब. पारावर बसायचं. कुणाचा मुलगा परगावी नोकरीला आहे, कोण सणालाही येत नाही, एवढं कळलं की झालं. मग त्या घरी जायचं आणि म्हाताऱ्याचं ऐकून घ्यायचं. त्यांना कारखाना कळत नाही. बोलायला माणूस हवा असतो."

मी त्याला थोबाडीत मारली नाही, कारण तपास बिघडला असता. पण हात शिवशिवत होते हे लपवत नाही.

आबांचा मुलगा जळगावला सरकारी खात्यात कारकून. गाडीने किती लांब आहे हो? अटकेची बातमी ऐकून तो धावत आला आणि माझ्यावरच डाफरला, "आबांनी मला एका शब्दाने विचारलं नाही!" मी म्हटलं, "विचारायला तुम्ही घरी असायला हवेत." बहीण लांबच्या सासरहून आली, ठाण्याची पायरी चढली, बापाच्या शिव्या खाल्ल्या. हा जळगावहून आला तो हक्क सांगायला. बागाईत वाचली होती ना!

सोनं मिळालं नाही. ते कधीच वितळलं होतं. कोर्टात आरोपीच्या वकिलाने आबांना विचारलं, "पैसे राजीखुशीनं दिलेत ना?" आबा म्हणाले, "हो. आपल्या मानसाले कोनी जबरीनं देते का?" त्यानंतर वकिलाने फारसं विचारलं नाही. शिक्षा झाली.

निकालानंतर कोर्टाच्या आवारात आबा, त्यांची बायको, लेक आणि मुलगा उभे होते. मी निरोप घ्यायला गेलो. म्हातारीने मला जरा बाजूला घेतलं.

"साहेब, तुरुंगात त्याले जेवाले बरं देतीन ना?"

माझा संताप अनावर झाला. "अक्का, तुमच्या हातातल्या पाटल्या त्याने खाल्ल्या! तुम्हाला रस्त्यावर आणलं असतं त्याने!"

"ते समदं खरं हाये," ती म्हणाली. "पन तो आला की इचारे, माय, आज गुडघा दुखते का? तेवढं कोनी इचारत नही."

मुलगा चार हातांवर उभा होता. त्याने ऐकलं हे मला दिसलं, आणि त्याने ऐकावं म्हणून मी मुद्दाम तिथून हललो नाही.

लोक मला विचारतात, म्हाताऱ्या आईवडिलांना अशा भामट्यांपासून कसं जपायचं? कायदा सांगा, युक्ती सांगा. मी त्यांना कलम सांगत नाही. मी विचारतो, तुमच्या आईचा कोणता गुडघा दुखतो, उजवा की डावा? बहुतेकांना सांगता येत नाही.