गादीवरचं कापड, फरशीवरचं कापड

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, भावाला नाही, आणि ज्या समारंभात माझ्या शोधनिबंधांची यादी वाचताना निवेदकाला मध्येच पाणी प्यावं लागलं, तिथे तर नाहीच. तुम्हाला सांगते आहे, कारण माझं आता काय जाणार आहे? निवृत्त बाईचा अपमान करायलाही लोकांना सवड नसते.

धारवाडच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात मी शिकवत असे. विषय – फोटोत काय आहे ते संगणकाला ओळखायला लावणं. नव्वदच्या दशकात हे ऐकून नातेवाईक माझ्याकडे जरा काळजीनेच बघत. कापडातला विणीचा दोष फोटोवरून ओळखणारा प्रोग्रॅम करायचं मी मनावर घेतलं होतं. कापड आणायचं कुठून? हुबळीला दाजीबानपेठेत अण्णाचं, म्हणजे माझ्या थोरल्या भावाचं, धोतर-पंच्यांचं दुकान होतं.

चांगल्या धोतरांचे फोटो मी दुकानातल्या पांढऱ्या गादीवर काढले. दोषाची धोतरं पसरायला गेले, तर अण्णा ओरडलाच.

"ए, डॅमेज माल गादीवर नको गं! लक्ष्मीची जागा हाय ती. आत फरशीवर घे."

"अण्णा, कॅमेऱ्याला काय कळतंय लक्ष्मी?"

"त्याला नसंल कळत. तुला कळाय पाहिजे."

आत काळी शहाबादी फरशी होती. तिथे काढले.

प्रोग्रॅम जवळजवळ चुकेचना. पेपर परदेशी नियतकालिकात छापून आला, कॉलेजात पेढे वाटले. (धारवाडात पेढ्यांना निमित्त लागतंच असं नाही.) मग एका दुपारी, गंमत म्हणून, मी प्रोग्रॅमला नुसत्या गादीचा फोटो दिला. कापड नाहीच. उत्तर आलं – निर्दोष. नुसत्या फरशीचा दिला. सदोष. पातळ धोतरातून खालचं पांढरं नाहीतर काळं दिसत होतं, आणि यंत्र तेवढंच शिकलं होतं. धाग्याकडे त्याने कधी बघितलंच नव्हतं.

मी काय केलं? संगणक बंद केला. चहा घेतला.

आता तुम्हाला वाटेल, हीच ती कबुली. नाही – इथवर मी नुसती भित्री आहे, आणि भित्र्या माणसांनी विद्यापीठं भरलेली आहेत. पेपर चालला. लोक त्याचा दाखला आपापल्या पेपरांत देऊ लागले. त्याला सायटेशन म्हणतात, आणि ती मोजून माणसाची उंची ठरवतात. दाखला देणाऱ्यांपैकी किती जणांनी पेपर वाचला असेल? काहींनी माझ्याकडे फोटो मागितले. मी दिले. माझेच फोटो, तीच गादी, तीच फरशी – त्यांनाही उत्तम निकाल मिळाले, आणि त्यांनी तसं छापलं. याचं हसू येत नसेल, तर तुम्ही प्राध्यापक असाल.

माझे फोटो न घेणारी एकच निघाली. सुमंगला. जुन्या हुबळीतली, माझ्याकडे पीएचडीला आलेली. तिने स्वतः धोतरं आणली, चांगली आणि दोषाची एकाच टेबलावर पसरली, नवे फोटो काढले. प्रोग्रॅम कोलमडला. ती माझ्या टेबलाशी उभी राहिली. "इल्ल मॅडम, येतच नाही. फोटोत काही फरक असेल का?"

फरक. शब्दसुद्धा तिनेच दिला होता मला. नुसतं हो म्हणायचं होतं.

मी म्हणाले, "कॅमेऱ्यावर हात सैल आहे तुझा. पुन्हा काढ."

तिने पुन्हा काढले. प्रयोगशाळेत सगळ्यांदेखत मी तिला निष्काळजी म्हटलं – एकदा नाही. ती दिवे बदलून काढत राहिली, कॅमेरा मागून आणून काढत राहिली. तिचे हात कॅमेरा धरताना थरथरायला लागले, तेव्हा ते मी इतरांना दाखवलं – बघा, असे फोटो काढायचे नसतात. घरी लग्नाची घाई चाललीच होती. पीएचडी जमतेय एवढ्याच बोलीवर वडील थांबले होते. ती सोडून गेली. जाताना मला म्हणाली, "सॉरी री मॅडम. माझ्यामुळे तुमच्या कामाला कमीपणा आला."

यावर मी मान हलवली. मोठ्या मनाने.

पुढे दोन हजार सालानंतर तो मघाशी सांगितलेला समारंभ. पुरुषांना म्हैसुरी पेटे, म्हणजे जरीचे फेटे, घातले; माझा, बाईमाणूस म्हणून, शेजारच्या खुर्चीवर ठेवला, आणि माझ्या कामाच्या मानाने तो तिथे रिकामाच शोभून दिसत होता. पहिल्या रांगेत अण्णा शेजाऱ्याला सांगत होता, "आमच्याच दुकानात काढल्याती की फोटो!" तेवढं एक वाक्य त्या दिवशी खरं बोललं गेलं.

कुणी म्हणेल, तेव्हा सगळंच नवं होतं, चूक कुणाकडूनही झाली असती. चूक झाली असती, हो. मी चुकीबद्दल बोलत नाहीये. कुणी म्हणेल, आता सांगून मन हलकं झालं असेल. झालेलं नाही, आणि त्यासाठी मी हे लिहिलंही नाही. माझी सायटेशनं अजून वाढताहेत, वाढू देत. ती खोडायला कुणी निघालंच, तर गादी आणि फरशी दोन्हींचे फोटो मी स्वतः काढून दाखवीन.

सुमंगलाचं नाव कुठल्याच पेपरवर नाही. म्हणून इथे लिहिते. तिचे फोटो बरोबर होते. तिचा हात सैल नव्हता. ती टेबलाशी उभी होती, तेव्हाही मला हे माहीत होतं.