दार वाजलं की ओ द्यायची

आमच्या डोंबिवलीच्या घरात एक नियम होता. बाथरूममध्ये कुणीही असो, बाहेरून दार वाजलं की आतून ओ द्यायचीच. नियम सासऱ्यांचा. गॅस गीझर घरी आला त्याच दिवशी त्यांनी तो जाहीर केला. गीझर बाहेर बाल्कनीत, तिथली खिडकी कायम उघडी, तरी त्यांचं समाधान नाही. सगळी नोकरी कारखान्यात बॉयलर सांभाळण्यात गेलेली. "आग आणि पाणी एका डब्यात नांदतायत, लक्ष नको ठेवायला?" म्हणायचे. कुणी अंघोळीला गेलं की थोड्या वेळानं बोटातली चांदीची अंगठी दारावर वाजायची. टक. टक-टक. ओ आली की हे पेपर वाचायला मोकळे.

नवी सून असताना मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. अंगाला साबण, डोळ्यांत शाम्पू, आणि सासरे दारावर! एकदा वैतागून आतून ओरडले, "जिवंत आहे!" बाहेरून शांतपणे उत्तर आलं, "मग ठीक." सासूबाईंची, म्हणजे आईंची, ओ मात्र ठरलेली. "अहो, आले ना." त्यात थोडा राग, थोडा लाड. इतक्या वर्षांत त्यात बदल नाही.

आमच्या बिल्डिंगला पाणी बोअरचं, नाहीतर टँकरचं. बादल्यांवर पांढरे थर, शॉवरची निम्मी भोकं बंद. "ज्या पाण्यात डाळ शिजत नाही, त्या पाण्यात त्या तांब्याच्या कॉईलनं किती दिवस काढायचे?" असं म्हणून सासरे दर दसऱ्याच्या आदल्या दिवशी गीझर साफ करायला बसत. गॅस बंद, पाणी बंद, दोन्ही पाइप सोडवायचे. जुन्या कूलरचा पंप बादलीत, बादलीत कोमट पाणी आणि लिंबाचं फूल, आपण ढोकळ्यात घालतो तेच. ते आंबट पाणी कॉईलमधून फिरत राहायचं, फसफसायचं. फसफस थांबली की आतला क्षार सुटला. दुसऱ्या दिवशी लोकांच्या स्कूटरला झेंडूचा हार, आमच्या गीझरलाही.

सासरे उन्हाळ्यात गेले. पहिलं वर्ष, म्हणून घरात सण नाही. दसरा केला नाही, हार आणला नाही, आणि गीझर साफ करायचं कुणाच्या डोक्यातही आलं नाही. ते काम आमच्या लेखी दसऱ्याचाच एक भाग होतं ना.

थंडीतली गोष्ट. नवरा माजिवड्याला ऑफिसात गेलेला, आई अंघोळीला, मी पोळ्या लाटत होते. आणि आवाज आला. टक. टक-टक. लाटणं हातातच राहिलं. घरात तिसरं माणूस नव्हतं. तेवढ्यात आतून आईंची ओ आली, "अहो, आले ना."

दाराशी गेले, कुणी नाही. बाल्कनीत गेले तर गीझर पेटलेला, आणि आवाज त्याच्या पोटातून येत होता. क्षार साचला की आतलं पाणी अडून उकळतं आणि कॉईल वाजते, हे सासऱ्यांनीच मला सांगितलेलं. सगळं कळत होतं. तरी वळून पुन्हा एकदा दाराकडे बघितलं.

मग हे रोजचंच झालं. नवरा म्हणाला, "साफ करूया, नाहीतर नवा घेऊ." आई कडाडल्या, "त्याला कुणी हात लावायचा नाही! नवा आणलात तर मी गार पाण्यानं अंघोळ करीन." मी चिडले. म्हटलं, "आई, तो क्षार आहे. खारं पाणी आहे. दुसरं काही नाही त्यात!"

"तुला ऐकू येतं ना?"

"येतं."

"मग झालं तर."

आणि खरं सांगू, एकदा घरात मी एकटी अंघोळ करत होते, ते वाजलं, आणि माझ्याही तोंडून ओ गेली. नळ बंद करून तशीच भिंतीला टेकून उभी राहिले. मला भीती वाटली आणि त्यांची इतकी आठवण आली की रडू फुटलं.

पुढचा दसरा आठवड्यावर आला तेव्हा गरम पाण्याची धार करंगळीएवढी झालेली. धार बारीक झाली की पाणी जास्त तापतं. एके सकाळी आईंचा खांदा भाजला. मलम लावताना मी तोंडाला येईल ते बोलले. आज खांदा, उद्या आणखी काय होईल? जाणारा गेला, राहिलेल्यांना मारून ठेवणार आहात का? संध्याकाळी दिवा लावून झाल्यावर आई म्हणाल्या, "दसऱ्याआधी करून टाक. त्यांनी ठेवला नसता असा."

नवऱ्यानं पाइप सोडवले, पंप मी लावला. आई स्टूलावर बसून बघत होत्या. फसफस थांबली तेव्हा बादलीच्या तळाशी पांढऱ्या कपच्या साचलेल्या. त्या बघून मला स्मशानातलं अस्थींचं मडकं आठवलं आणि हात पुढे होईना. आईच उठल्या. बादली मोरीत उपडी केली, वरून दोन तांबे पाणी ओतलं.

दसऱ्याला अंघोळीला आधी आई गेल्या. पाणी धो धो येत होतं. गीझर गप्प. मी हार ओवत बसले होते. पाणी वाहतंच आहे, वाहतंच आहे. तांब्याचा आवाज नाही, बादलीचा नाही. "आई?" म्हटलं. ओ नाही. फुलं तशीच टाकून धावले, आणि तोंडानं पुन्हा हाक मारायची सोडून हातानंच दार वाजवलं. टक. टक-टक.

पाणी थांबलं.

"अहो, आले ना."

दार उघडून त्या बाहेर आल्या. माझ्या मागे बघितलं. मग माझ्याकडे. केसांतून पाणी गळत होतं तशाच कपाटाशी गेल्या, रुमालात बांधलेली अंगठी काढली आणि माझ्या तळहातावर ठेवली. "बोटानं नीट ऐकू येत नाही गं," म्हणाल्या.

मला ती सैल होते, अंगठ्यात घालते. रोज सकाळी वाजवते. ओ येते ती सासऱ्यांसाठीची. मी बाहेर श्वास रोखून उभी असते, चुकूनसुद्धा शब्द बोलत नाही.